सतरा भाऊ, सात महिने: ससानी गादीला वारस का उरला नाही

इराणच्या ससानी घराण्यानं इ.स. २२४ ते ६५१ अशी सव्वाचारशे वर्षं राज्य केलं. रोमच्या बादशहांशी बरोबरीच्या नात्यानं बोलणारी आणि तितक्याच तोलामोलानं लढणारी पश्चिम आशियातली ती एकच सत्ता होती. अशा घराण्याच्या गादीवर ६२८ ते ६३२ या चार वर्षांत दहाच्या आसपास माणसं बसली आणि उतरली. त्यांत सात वर्षांचा एक मुलगा होता, राजघराण्याशी रक्ताचं नातं नसलेला एक सेनापती होता, एका बादशहाच्या दोन मुली होत्या, आणि ज्यांचं नावही धड आठवणीत राहिलं नाही असे काही दूरचे नातेवाईक होते. पुढच्या वर्षभरात अरबांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि वीस वर्षांत सगळं संपलं.

शालेय इतिहासात हा काळ 'अंतर्गत कलह' या दोन शब्दांत उरकला जातो. शब्द चूक नाहीत, पण त्यातून काही उलगडत नाही. कलह ससान्यांच्या घरात पहिल्यापासूनच होता. बाप-मुलगा, भाऊ-भाऊ, काका-पुतण्या अशी गादीवरून मारामारी दर दोन-तीन पिढ्यांनी होई आणि घराणं पुन्हा उभं राही. मग याच वेळी ते सावरलं का नाही? याचं उत्तर मला एका माणसाच्या एका निर्णयात दिसतं. त्या माणसाचं नाव शिरोये. कवाद दुसरा या नावानं तो बादशहा झाला आणि त्यानंतर जेमतेम सात महिने जगला.

गादीवर कोण बसू शकत होतं

शिरोयेनं काय केलं ते समजायला आधी गादीची रीत समजून घ्यावी लागते. राजा ससानाच्या वंशातलाच हवा, हे पक्कं होतं. वंशातला नेमका कोण, हे मात्र ठरलेलं नव्हतं. थोरल्या मुलानंच बसावं असा दंडक नव्हता. बापानं जिवंतपणी वारस नेमला तर त्याच्या शब्दाला वजन असे, पण तो शब्द अखेरचा नसे. झरथुष्ट्री धर्मगुरूंचा, म्हणजे मोबेदांचा, आशीर्वाद लागे. आणि त्याहून जास्त गरज लागे बड्या सरदार घराण्यांच्या पाठिंब्याची.

सुरेन, कारेन, मेहरान, इस्पाहबुधान ही त्यांतली मोठी नावं. ससान्यांच्या आधी इराणवर पार्थियन राजे होते आणि यातली बहुतेक घराणी त्या काळापासून आपापल्या मुलुखात मुरलेली होती. जमिनी त्यांच्या, घोडदळ त्यांचं, प्रांतातली माणसं त्यांना ओळखणारी. राजाला त्यांच्याशिवाय मोठं युद्ध लढताच येत नसे. तरीही या घराण्यांपैकी कुणी स्वतः मुकुट घालू शकत नसे. राजाच्या अंगी ईश्वरानं दिलेलं तेज असतं, ज्याला फारसीत 'फर्र' म्हणतात, आणि ते फक्त ससानाच्या वंशातच उतरतं, अशी लोकांची पक्की श्रद्धा होती. त्यामुळे सरदारांचं राजकारण एकाच वाटेनं जाई: नको झालेला राजा उतरवायचा आणि त्याच घरातला दुसरा बसवायचा.

आणखी एक अट होती. राजा शरीरानं अव्यंग हवा. सहाव्या शतकात कवाद पहिला याला झामेस नावाचा कर्तबगार मुलगा होता, पण तो एका डोळ्यानं अधू असल्यामुळे गादीसाठी बाद ठरला, असं ग्रीक इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. ससानी राजवाड्यात डोळे काढण्याची शिक्षा वारंवार दिसते तिचं कारण हेच आहे. डोळे गेलेला राजपुत्र जिवंत राहिला तरी दावेदार राहत नसे.

आता या सगळ्याचा परिणाम भावंडांवर काय होई ते पाहा. राजाचा प्रत्येक भाऊ म्हणजे असंतुष्ट सरदारांच्या हातातला तयार पर्याय. म्हणून गादीवर आल्याबरोबर भावांचा काटा काढणं ही त्या घरातली जुनी गोष्ट होती. ज्याला इराणी परंपरा 'न्यायी' म्हणून आठवते त्या खुस्रो अनुशिरवाननंही आपले भाऊ आणि त्यांचे मुलगे मारवले. झामेसचा मुलगा तेवढा एका सरदारानं लपवल्यामुळे वाचला. तरी घराणं टिकलं, कारण अनुशिरवान त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ राज्य करत होता. त्याला मुलं झाली, नातवंडं झाली, रिकामी झालेली फळी पुन्हा भरली. भाऊबंद मारून टिकायचं तर आपल्या हाताशी वेळ असावा लागतो. शिरोयेला तो मिळाला नाही.

बापाची अडतीस वर्षं

शिरोयेचा बाप खुस्रो दुसरा, म्हणजे खुस्रो परवेझ. हा अनुशिरवानचा नातू. त्याची स्वतःची सुरुवातच बापाच्या रक्तानं झाली होती. ५९० मध्ये त्याच्या दोन मामांनी, विंदुये आणि विस्तहम यांनी, त्याचा बाप हुरमझद चौथा याला पकडून त्याचे डोळे काढले आणि नंतर मारून टाकलं. हे मामा इस्पाहबुधान घराण्यातले. तेवढ्यात मेहरान घराण्यातला सेनापती बहराम चोबीन राजधानीवर चालून आला आणि रीत मोडून स्वतःच गादीवर बसला. खुस्रो पळाला तो थेट शत्रूच्या घरी, रोमी बादशहा मॉरिसकडे. रोमी फौज घेऊन ५९१ मध्ये तो परतला. गादी मिळाल्यावर त्यानं विंदुयेला मारवलं. विस्तहमनं बंड केलं, ते कित्येक वर्षं चाललं आणि त्यातच त्याचा अंत झाला.

६०२ मध्ये रोमी राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये मॉरिसचा खून झाला. आपल्या उपकारकर्त्याचा सूड म्हणून खुस्रोनं युद्ध सुरू केलं आणि ते पंचवीस वर्षं थांबलं नाही. पहिली वीस वर्षं इराणी फौजा जिंकत गेल्या. ६१४ मध्ये जेरुसलेम पडलं आणि ख्रिस्ती जगाला प्राणाहून प्रिय असलेला पवित्र क्रूस इराणात आला. त्यानंतर इजिप्त गेलं. ६२६ मध्ये तर कॉन्स्टँटिनोपललाच वेढा पडला. पण शहर टिकलं आणि रोमी बादशहा हेराक्लियस मोठा वळसा घालून इराणच्या मुलुखातच घुसला. डिसेंबर ६२७ मध्ये निनेव्हेजवळ त्यानं इराणी फौज मोडली. पुढच्या महिन्यात दस्तगिर्दचा राजवाडा लुटला. खुस्रो तिथून तिसफूनला, म्हणजे राजधानीला पळाला. आजच्या बगदादच्या दक्षिणेला तैग्रिसकाठी हे शहर होतं.

एवढं होऊनही खुस्रो तह करायला तयार नव्हता. पराभवाचं खापर तो सेनापतींवर फोडत होता. कर वसूल करणं चालूच होतं. आणि त्यात त्यानं वारस म्हणून मर्दानशाहचं नाव पुढं केलं. मर्दानशाह हा लाडकी राणी शिरीन हिचा मुलगा. शिरोये त्याच्याहून मोठा, पण त्याची आई दुसरी. मुलांनी कट करू नयेत म्हणून खुस्रोनं त्यांना बाबिलजवळ पहाऱ्यात ठेवलं होतं. ज्यांना खुस्रो नको झाला होता त्यांना आता तयार माणूस मिळाला.

कटात कोण होतं हे पाहिलं की कटाचा अर्थ कळतो. इस्पाहबुधान घराण्याचा प्रमुख फर्रुख हुरमझद होता. पश्चिमेकडची सगळी फौज ज्याच्या हाताखाली होती त्या शहरबराझ सेनापतीची माणसं होती. खुस्रोनं ज्याच्या बापाला मारवलं होतं तो ख्रिस्ती खजिनदाराचा मुलगा शामता होता. म्हणजे सरदार, सैन्य आणि पैसा हे तिन्ही एकत्र आले होते. शिरोये त्यांचा नेता नव्हता, तो त्यांचा उमेदवार होता. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टींत महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी ६२८ च्या अखेरच्या आठवड्यात एका रात्री तुरुंगांची दारं उघडली गेली, शिरोयेच्या नावानं घोषणा झाल्या आणि खुस्रो आपल्याच बागेत लपलेला सापडला.

बाप आणि मुलगा यांच्यातली पत्रं

यानंतर जे घडलं त्याचं सर्वांत तपशीलवार वर्णन अरबी इतिहासकार तबरी देतो. तो तीनशे वर्षांनंतरचा, पण पहलवीतल्या, म्हणजे ससानी काळच्या फारसीतल्या, जुन्या राजवृत्तांतांचा माल त्याच्या हाताशी होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे शिरोयेनं बापाला एकदम मारलं नाही. आधी आरोपांची यादी पाठवली. तुम्ही आपल्या बापाचे डोळे काढून त्याचा खून होऊ दिलात. आम्हा मुलांना कोंडून ठेवलंत. माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात सडवलीत. सैनिकांना घरादारापासून दूर सरहद्दीवर अडकवून ठेवलंत. रयत पिळून खजिना भरलात. मॉरिसनं तुमच्यावर उपकार केले, त्याची जाण ठेवली नाहीत. खुस्रोनं तुरुंगातून एकेका आरोपाला उत्तर दिलं. ती उत्तरं वाचताना माणूस पराभूत झालाय असं वाटतच नाही. खजिना का भरला, फौज का ठेवली, हे तो एखाद्या अननुभवी मुलाला राज्यकारभार शिकवावा तसं सांगतो.

याच उत्तरात आपल्या दृष्टीनं फार मोलाचा एक उल्लेख येतो. खुस्रो म्हणतो, माझ्या राज्याच्या छत्तिसाव्या वर्षी हिंदच्या राजानं आमच्याकडे दूत पाठवले. मला आणि माझ्या प्रत्येक मुलाला भेटी आणि वेगवेगळी पत्रं आली. तुझ्यासाठी हत्ती होता, तलवार होती, पांढरा ससाणा होता, जरीचं वस्त्र होतं. तुझ्या पत्रावर 'मजकूर गुप्त ठेवावा' असं लिहिलेलं होतं म्हणून मी ते आपल्याकडच्या भारतीय लेखनिकाकडून उघडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं की, आनंद मान, खुस्रोच्या अडतिसाव्या वर्षी तुझ्या डोक्यावर मुकुट येणार आहे. हे कळूनही मी तुझ्या जिवाला धक्का लावला नाही. पत्र पुन्हा मोहोरबंद करून शिरीनकडे ठेवलं आहे, हवं तर मागवून बघ.

तबरीच्या हस्तलिखितांत या हिंदी राजाचं नाव बिघडलेल्या रूपात आहे. एकोणिसाव्या शतकातला जर्मन पंडित थिओडोर नोल्डेके यानं ते 'पुलकेशी' असं वाचलं. छत्तिसावं वर्ष म्हणजे ६२५-२६ च्या सुमारास. त्या काळात वातापीला, आजच्या बदामीला, चालुक्य राजा पुलकेशी दुसरा राज्य करत होता. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात त्याला नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटलं आहे. पश्चिम किनारा आणि तिथली बंदरं त्याच्या हातात होती, त्यामुळे इराणशी त्याचा संबंध असणं अगदी स्वाभाविक आहे. नोल्डेकेचं वाचन बऱ्याच अभ्यासकांनी मान्य केलं आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं इराणी पोशाखातल्या माणसांचं चित्र म्हणजे याच वकिलातीची भेट, असंही पूर्वी सांगितलं जाई. ते मात्र आता टिकत नाही. ते लेणं वाकाटक काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं असल्याचं आता बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे पुलकेशीच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीचं.

पत्रातलं भविष्य घडून गेल्यावर रचलेलं असणार, हे उघड आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हिंदच्या राजानं गादीवरच्या बादशहाला भेट पाठवली आणि त्याच्या प्रत्येक मुलाला वेगळी पाठवली. पुढचा राजा कोण, हे इराणात ठरलेलं नसतं आणि म्हणून सगळ्यांशीच नातं ठेवलेलं बरं, हे दख्खनपर्यंत माहीत होतं, असं ही गोष्ट सांगणाऱ्यानं गृहीत धरलं आहे.

खुस्रोच्या उत्तरांचा उपयोग झाला नाही. एका राज्यात दोन राजे राहू शकत नाहीत, एक तर त्याला मारा नाहीतर आम्ही तुमची आज्ञा पाळणार नाही, असं सरदारांनी शिरोयेला बजावलं. ग्रीक इतिवृत्तकार थिओफनीझ लिहितो की खुस्रोला त्यानंच बांधलेल्या अंधाऱ्या कोठारात कोंडलं, अन्न जवळपास बंद केलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आधी मर्दानशाहला मारलं. काही दिवसांत खुस्रोचाही शेवट झाला. तबरीच्या मते हे काम मेहर हुरमझद नावाच्या तरुणानं केलं. खुस्रोनं त्याच्या बापाचा हात तोडला होता आणि मग त्याला मारलं होतं. काम झाल्यावर शिरोयेनं या मेहर हुरमझदलाही ठार केलं.

आणि त्यानंतर भावांची पाळी आली. तबरी सतरा भाऊ सांगतो. सगळे खुस्रोचे मुलगे, काही शिकलेसवरलेले, शूर, राज्य चालवण्याच्या योग्यतेचे. सगळे मारले गेले. बोरान आणि आझरमीदुख्त या दोन बहिणी दुसऱ्या दिवशी शिरोयेसमोर उभ्या राहिल्या. ज्या राज्याचा तुला धड भरवसा नाही त्याच्या लोभानं तू बाप मारलास आणि सगळे भाऊ मारलेस, असं त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं. तो रडला आणि त्यानं डोक्यावरचा मुकुट काढून फेकला, असं तबरी सांगतो.

शिरोयेला दुष्ट म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ज्यांनी त्याला आणलं त्यांच्याकडे, उद्या तो नकोसा झाला तर, आणखी सतरा पर्याय होते. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ही भीती खोटी नव्हती. चूक हिशेबात होती. भाऊ मारल्यानं सरदारांचे हात बांधले जातील असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात बांधलं गेलं ते घराणं.

सात महिन्यांत काय झालं

शिरोयेनं सर्वांत आधी हेराक्लियसला पत्र लिहिलं. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे. त्यात तो रोमी बादशहाला 'भाऊ' म्हणतो आणि कैदी सोडण्याची तयारी दाखवतो. खुस्रो मेल्याची आणि तहाची बातमी देणारं हेराक्लियसचं पत्र १५ मे ६२८ रोजी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमध्ये लोकांना वाचून दाखवलं गेलं. जिंकलेला सगळा मुलूख परत करायचं ठरलं. पण सीरिया आणि इजिप्तमधली फौज शहरबराझच्या ताब्यात होती आणि तो जागचा हलला नाही. बादशहानं केलेला तह त्याचाच सेनापती मानत नव्हता. नाण्यांवरही नवा काळ दिसतो. खुस्रोच्या मुकुटावर पंख होते, शिरोयेच्या मुकुटावर ते नाहीत.

मग साथ आली. इराकात त्या वर्षी प्लेगनं प्रचंड माणसं मेली. अरबी लेखक या साथीला शिरोयेचंच नाव देतात. सप्टेंबर ६२८ च्या सुमारास शिरोये मेला आणि बहुधा याच साथीनं मेला. वय फार तर पस्तीस-चाळीस असावं. मागे एक मुलगा, सात वर्षांचा. भाऊ कुणीच नाही.

अर्देशीर तिसरा म्हणून त्या मुलाला गादीवर बसवलं आणि माह-आझर गुश्नस्प नावाचा अमात्य कारभार पाहू लागला. एरवी अशा वेळी मुलाचा काका पालक होतो किंवा गादी घेतो. इथं काका उरले नव्हते. शहरबराझला हे मान्य नव्हतं. त्यानं हेराक्लियसची भेट घेतली, इजिप्त आणि सीरिया सोडण्याचं कबूल केलं, आणि बदल्यात पाठिंबा मिळवला. तबरीच्या मते सहा हजार माणसं घेऊन तो तिसफूनवर आला. शहराच्या रखवालदारांपैकी काही फितूर झाले. एप्रिल ६३० मध्ये अर्देशीर मारला गेला. मार्च ६३० मध्ये हेराक्लियसनं पवित्र क्रूस जेरुसलेमला परत नेला होता, तो या सौद्यांमुळेच.

शहरबराझ स्वतः गादीवर बसला. चाळीस दिवस. बहराम चोबीनसारखाच तोही वंशाबाहेरचा, आणि ते कुणालाही पचलं नाही. इस्तख्र शहराच्या पथकातल्या तीन भावांनी, तो स्वारीवर निघाला असताना दुतर्फा उभ्या असलेल्या शिपायांत मिसळून, त्याला भाल्यानं मारलं. तबरी सांगतो, त्याच्या पायाला दोरी बांधून प्रेत ओढत फिरवलं. जिवंत असताना त्याच्याएवढी फौज इराणात कुणाकडे नव्हती.

बोरान

आता पेच उघडा पडला. वंशातलाच राजा हवा, पण वंशात पुरुष नाही. म्हणून जून ६३० मध्ये खुस्रोची मुलगी बोरान गादीवर आली. ज्यांनी शिरोयेला जाब विचारला त्या दोघींतली ही एक. ससानी घराण्यात स्वतःच्या नावानं राज्य करणारी ही पहिली स्त्री मानली जाते.

गादीवर बाई आली म्हणजे राज्य बुडालं, असा सूर जुन्या आणि काही नव्या लिखाणातही आढळतो. मला तो साफ अमान्य आहे. त्या चार वर्षांत राज्य सावरण्याचा खरा प्रयत्न कुणी केला असेल तर तो बोराननं. तबरी लिहितो की तिनं करांची थकबाकी माफ केली, पूल दुरुस्त करवले, नाणी पाडली आणि रयतेशी न्यायानं वागण्याची आज्ञा काढली. ख्रिस्ती धर्मप्रमुख ईशोयाब याला तिनं हेराक्लियसकडे वकील म्हणून पाठवलं आणि तह पक्का करून घेतला. तिच्या नाण्यांवर वेण्या घातलेली राणी दिसते आणि मुकुटावर बापाचे पंख परत आलेले दिसतात. तिचं एक सोन्याचं नाणं अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यावर पहलवी अक्षरांत तिनं स्वतःला 'देवांच्या वंशाची पुनःस्थापना करणारी' म्हटलं आहे. बाकीचे राजे नाण्यावर राज्य वाढावं असं लिहीत. हिला वंशच पुन्हा उभा करायचा होता आणि तिनं तेच लिहिलं.

तिच्यामागे फर्रुख हुरमझद होता, खुस्रोविरुद्धच्या कटातला तोच. विरोधात पिरुझ खुस्रोच्या नेतृत्वाखालचा दक्षिणेकडचा, पारस प्रांतातल्या सरदारांचा गट. उत्तरेची पहलवी, म्हणजे पार्थियन मुळाची, घराणी एकीकडे, हे दुसरीकडे. दोन्ही गटांना गादीवर आपलं माणूस हवं होतं आणि ससानी रक्ताची माणसं संपत आली होती.

या टोकाला जाऊन काय होतं ते पुढच्या नावांत दिसतं. बोराननंतर तिची बहीण आझरमीदुख्त गादीवर आली तेव्हा फर्रुख हुरमझदनं तिला लग्नाची मागणी घातली, म्हणजे राजरक्त नसलेल्या माणसानं राजा होण्याची दुसरी वाट शोधली. राणीनं उघड नकार दिला नाही. त्याला रात्री बोलावलं आणि पहारेकऱ्यांकडून मारवलं. त्याचा मुलगा रुस्तम खुरासानातून फौज घेऊन आला, तिसफून घेतलं, राणीचे डोळे काढले आणि तिला मारलं. तिच्या नाण्यावर नाव तिचं आहे आणि चेहरा दाढीवाल्या पुरुषाचा.

मग शोध दूरवर गेला. अहवाझमधून खुस्रो नावाचा एक माणूस आणला, तो घराण्याचा संस्थापक पहिला अर्देशीर याचा वंशज म्हणून. थोड्याच दिवसांत तो मारला गेला. त्यानंतर पिरुझ नावाचा एकजण शोधला, ज्याची आई अनुशिरवानच्या वंशातली. मुकुट डोक्यावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, किती घट्ट आहे हा मुकुट. पहिल्याच वाक्यात अपशकुन झाला म्हणून सरदारांनी त्यालाही संपवलं, असं तबरी सांगतो. बोरान काही काळ बाजूला होऊन पुन्हा गादीवर आली असं नाण्यांवरून काही अभ्यासक मानतात. शेवटी पिरुझ खुस्रोनं तिचा गळा दाबून जीव घेतल्याचा उल्लेख सापडतो.

राहिला एक नातू

इतकं झाल्यावर दोन्ही गट एका नावावर एकत्र आले. खुस्रोचा मुलगा शहरियार शिरोयेच्या कत्तलीत गेला होता, पण त्याचा मुलगा यझ्दगर्द इस्तख्रमध्ये लपून वाढला होता. इस्तख्र हे ससान्यांचं मूळ गाव, जिथं त्यांचे पूर्वज अनाहिता देवीच्या अग्निमंदिराचे पुजारी होते. तिथंच ६३२ मध्ये त्याला राज्याभिषेक झाला. तेव्हा त्याचं वय तबरीच्या सांगण्यानुसार अवघं आठ होतं. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवरही बिनदाढीचा कोवळा चेहरा आहे. राजधानी तिसफून असताना अभिषेक पारसमध्ये व्हावा, यातच राजधानी कुणाच्या भरवशाची राहिली नव्हती हे कळतं.

तारखा जवळजवळ ठेवून पाहिल्या की अंगावर काटा येतो. ८ जून ६३२ रोजी मदिनेत प्रेषित मुहम्मदांचं निधन झालं. यझ्दगर्दच्या राज्याचं पहिलं वर्ष १६ जून ६३२ ला सुरू होतं. मधे आठ दिवस. पुढच्याच वर्षी अरब तुकड्या इराकात शिरल्या. त्या सरहद्दीवर पूर्वी लखमी नावाचं अरब राज्य इराणच्या वतीनं वाळवंटाची राखण करत असे. ते खुस्रो परवेझनं स्वतःच ६०२ च्या सुमारास मोडीत काढलं होतं. आता फौज सांभाळायची ती रुस्तमनं, फर्रुख हुरमझदच्या मुलानं. तो शूर होता, पण चार वर्षांत त्याच्या बरोबरीच्या सरदारांनी एकमेकांची माणसं मारली होती. ६३६ च्या सुमारास कादिसियाच्या लढाईत तो मारला गेला. ६३७ मध्ये तिसफून गेलं. ६४२ मध्ये निहावंदची लढाई हरली. त्यानंतर यझ्दगर्द एका सरदाराच्या मुलुखातून दुसऱ्याच्या मुलुखात आसरा मागत पूर्वेला सरकत राहिला आणि ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. त्याचा मुलगा पिरोझ चीनच्या तांग बादशहाकडे मदत मागायला गेला आणि तिकडेच राहिला.

ससानी इराणात वर्षं मोजण्याची पद्धत राजाशी जोडलेली होती. नवा राजा आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नाण्यांवर वर्षाचा आकडा असे तो असाच, त्या त्या राजाच्या राज्यवर्षाचा. ६२८ ते ६३२ मध्ये हा आकडा पुन्हा पुन्हा एकवर येत राहिला. यझ्दगर्दनंतर राजाच आला नाही, त्यामुळे मोजणी पुन्हा सुरू करायची वेळ आली नाही. इराणातून निघून गुजरातेत संजाणला उतरलेल्या झरथुष्ट्र्यांनी ती तशीच चालू ठेवली आणि त्यांच्याबरोबर ती मुंबईला आली. मुंबईच्या पारशी पंचांगात आजही जो यझ्दगर्दी सन छापतात, तो ६३२ च्या त्या अभिषेकापासून मोजलेला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याचं १३९० वं वर्ष सुरू झालं.